मांडीखालचा चेंडू

"देव हलवायची वेळ आलीच ना वेणू, तर पायी न्यायचे. पायात वहाण नाही, तोंडात शब्द नाही. देव डोक्यावर असलेल्या बाईला कुणी आडवं जायचं नाही. आणि एक ध्यानात ठेव. लबाडीने राखलेल्या जागेवर देव बसवू नकोस. बसत नाहीत ते. आपल्यालाच वाटतं, बसलेत."

बनूबाई हे बोलल्या तेव्हा त्यांच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती आणि वेणूच्या हातात मोसंबीच्या रसाचा पेला. वेणू "हो" म्हणाली. सासूला हो म्हणायची तिला तेवीस वर्षांची सवय होती, पण बनूबाईंना त्या सवयीचा भरवसा नसावा. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि ते "हो" पुन्हा एकदा वदवून घेतलं. त्याला आता पाच वर्षं झाली होती. आणि उल्हासनगरच्या मैदानात, जाळीच्या मागे, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बेसबॉलची फायनल बघताना वेणूला नेमकं तेच मनगट जड वाटत होतं.

दिवस सोमवार. सोमवारी वेणूचं मौन. अंघोळ झाली की बंद झालेलं तोंड दिवेलागणीला, देवापुढची वात लागल्यावरच उघडायचं. लिहून सांगायचं नाही, मान डोलवायची नाही, डोळ्यांनी खुणवायचं नाही. घरच्यांना या व्रताचा फार आदर होता. नवऱ्याला, धर्मराजांना तर इतका, की घरातला कुठलाही मोठा निर्णय ते सोमवारीच घेत. मागचं शेवग्याचं झाड त्यांनी सोमवारी तोडलं. जांभूळ गावच्या जलशुद्धीकरण केंद्रातली नोकरी संपल्यावर आलेल्या पैशांतून गाडी घेतली, तीही सोमवारी. कुणी काही विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "वेणूला विचारलं ना मी. ती नाही म्हणाली नाही."

देवांची पैज लागली तीही सोमवारीच, लेकीच्या, शलाकाच्या साखरपुड्याच्या पंगतीत.

अकरा वर्षांपूर्वी धाकटा दीर जयदेव बदलापूर गावातलं घर सोडून अंबरनाथला शिवमंदिराजवळ राहायला गेला, तेव्हा जमीन वाटली गेली, भांडी वाटली गेली, माळ्यावरच्या गोधड्यासुद्धा मोजून वाटल्या गेल्या. राहिले ते पाच टाक. तळहातात मावतील एवढे चांदीचे देव. ते वाटता येत नव्हते, म्हणून थोरल्याकडे राहिले. जयदेव दर सणाला यायचा, देवांना नमस्कार करायचा, वाढलेलं जेवायचा आणि हात धुताना ठरलेलं वाक्य बोलायचा, "आमच्याच देवाला आम्ही पाहुणे." साखरपुड्याच्या दिवशी ते वाक्य जिलबीच्या आधीच आलं.

"मग लाव पैज," धर्मराज म्हणाले. "तुझा आकाश अंबरनाथकडून खेळतो, माझा सुजित बदलापूरकडून. फायनलला दोघंच येणार, लिहून घे. जो जिंकेल त्याच्या देव्हाऱ्यात देव. कायमचे."

"दादा, देव कुणी पैजेला लावतं का?" जयदेव म्हणाला, पण असं की समोरच्याने पैज मागे घेऊ नये.

"घाबरलास काय?"

"मी? लागली! पण वहिनीला विचारा. पूजा ती करते."

पंगतीतली सगळी तोंडं वेणूकडे वळली. वेणूच्या हातात मठ्ठ्याचं भांडं होतं. तिने ते खाली ठेवलं. एवढंच.

"नाही म्हणाली नाही," धर्मराज म्हणाले आणि जिलबी मागितली.

देवांनाही कुणी विचारलं नव्हतं, पण ते निदान गप्प बसायला सरावलेले होते.

आता या खेळाचं म्हणाल, तर सुजित आणि आकाश दोघांनीही तो शाळेत घेतला होता पोलीस भरतीत खेळाडूंच्या कोट्याचा फायदा होईल म्हणून. क्रिकेटला गर्दी फार, बेसबॉलला प्रमाणपत्र लवकर मिळतं, असं त्यांचे पीटीचे सर म्हणत. भरती राहिली बाजूला आणि इकडे बक्कळ जाहिराती घेऊन पगारी लीग उभी राहिली. उल्हासनगरच्या एका कापडवाल्या शेठने दोन्ही संघांना जर्सी दिल्या. दोन्हींवर त्याचंच दुकान छापलेलं होतं, त्यामुळे कोणीही जिंकलं तरी तोच जिंकणार होता. त्या भागात एवढी पक्की पैज फक्त त्यालाच जमली.

वेणूला खेळ सुजितने स्वयंपाकघरात शिकवला होता, ओट्यावर चार वाट्या मांडून.

"हे होम. म्हणजे घर. इथून निघायचं, या तीन वाट्यांना पाय लावत पळायचं आणि परत घरी यायचं. आला की एक रन."

"आणि तू काय करतोस?"

"मी घराच्या दारात बसतो, आई. येणाऱ्याला आउट करतो."

"भावालासुद्धा?"

"आकाश असला तर त्यालासुद्धा," सुजित हसला होता. मग फळीवरचं लिंबू उचलून त्याने मुठीत दाबलं होतं. "पण चेंडू असा घट्ट पाहिजे हातात. अंगाला लावला आणि हातातून सुटला, तर तो आउट नाही. तो घरी आला."

घरी परत येणाऱ्याला दारातच बाद करायचं. परदेशातून आलेला खेळ म्हणे. वेणूला त्यात नवीन काही दिसलं नव्हतं.

शेवटचा डाव सुरू झाला तेव्हा बदलापूर चार, अंबरनाथ तीन. रविवारी मैदान लग्नाला दिलेलं, म्हणून फायनल सोमवारी आणि सोमवारी सातला तिथेच कुणाची तरी हळद. म्हणून जादा डाव नाही. बरोबरी झाली तर साखळीत वर असलेला संघ विजेता. म्हणजे अंबरनाथ. हे माइकवरचा माणूस दर पाच मिनिटांनी सांगत होता आणि दर पाच मिनिटांनी धर्मराज म्हणत होते, "हा कुठला नियम? हा सेटिंगचा नियम."

"सेटिंग तुमचं असतं तर चांगला असता नियम," जयदेव मागच्या रांगेतून म्हणाला.

"जय्या, तुमचं अंबरनाथ पॉइंट टेबलवर वर आलं ते कसं, बोलू काय?"

"बोला ना! माइक देऊ?"

"बाबा, काका, लाइव्ह चालू आहे माझं," शलाका म्हणाली. तिने मोबाइल उंच धरला होता. "लोक बघतायत, यार. जरा चांगलं भांडा."

राजसी, म्हणजे जयदेवची बायको, वेणूच्या शेजारी बसली होती. अकरा वर्षांत या दोघी जावा कधी भांडल्या नव्हत्या, त्यामुळे दोन्ही घरांत दोघींवर संशय होता. पुढच्या सोफ्यावरून सिंधी शेठ वळले आणि वेणूपुढे दाल-पकवानचा डबा करत म्हणाले, "अदी, बहनजी, पकवान लो. दाल गरम है."

"ताईंचा सोमवार आहे," राजसीने परस्पर सांगितलं. "त्या खात नाहीत, बोलत नाहीत."

"वाह! मेरी घरवाली को भी सिखाओ," शेठ म्हणाले आणि आपल्याच विनोदावर सोफा हलेपर्यंत हसले.

अंबरनाथचे दोन गडी बाद झाले होते, तिसरा गेला की डाव संपणार होता. दुसऱ्या वाटीवर, म्हणजे सेकंड बेसवर आकाश उभा होता, गुडघ्यांवर हात ठेवून. त्याच्याकडे बघताना वेणूला अंगणात नारळाच्या झावळीने चेंडू मारणारं सहा वर्षांचं पोर दिसलं. तेव्हा दोघं एका ताटात जेवायचे आणि आकाश तिला मोठी आई म्हणायचा. अजूनही म्हणायचा, फक्त आधी बापाकडे बघून.

"और ये मारा!" माइकवरचा माणूस ओरडला. "चौका... सॉरी, हिट! हिट है!"

चेंडू उजवीकडे लांब गेला. आकाश तिसरी वाटी ओलांडून घराकडे सुटला. लांबून चेंडू परत आला, एक टप्पा, सुजितच्या जाड हातमोज्यात. सुजित दाराशी आडवा झाला. आकाश घसरत आला. धूळ उठली. हातमोजा आकाशच्या खांद्याला लागला, हे वेणूने पाहिलं. त्याच झटक्यात चेंडू हातमोज्यातून निसटून सुजितच्या मांडीखाली गेला, हेही पाहिलं. जाळीपासून पाच हातांवर. मांडी आणि मातीच्या मधे, पांढरा, लाल टाक्यांचा. आकाशचा पाय तोवर होमवर टेकला होता. मग सुजितचा दुसरा हात मांडीखाली गेला, आणि वर आला तेव्हा चेंडू हातमोज्यात होता.

अंपायर पलीकडच्या बाजूला होता. त्याच्यापुढे सुजितची पाठ होती. त्याने मूठ उगारली.

"आउट!"

स्पर्धेचा एकुलता एक कॅमेरा त्या क्षणी शेठच्या सोफ्याकडे वळलेला होता. शलाकाचा मोबाइल चालू होता, पण त्यात शलाकाच होती.

मैदानात एकच गोंधळ. आकाश अंपायरपुढे हात जोडत होता, "सर, गिरा था! बॉल गिरा था!" सुजित हातमोजा उंच धरून उभा होता आणि कुणाकडेच बघत नव्हता. अंपायर पुण्याचा होता, त्याला परत जायची घाई होती. धर्मराज खुर्चीवर उभे राहिले होते.

"वाद नाही! अंपायरचं बोट वर म्हणजे वर!"

"बोट क्रिकेटमध्ये असतं, दादा!" जयदेव रांगा ओलांडून आला. "मॅच गेली तर गेली, खड्ड्यात गेली. पैजेचं बोला. वहिनी समोर होती. अगदी समोर. वहिनी, तू सांग. चेंडू सुटला की नाही?"

पुन्हा सगळी तोंडं वेणूकडे वळली. शलाकाचा मोबाइलसुद्धा.

वेणूची नजर समोर जाळीवर होती. जाळीपलीकडे सुजितची. ती नुसती मान हलवती तरी काम झालं असतं, आणि तेवढंही चालत नव्हतं. घशात तो शब्द येऊन बसला होता. एवढा तयार शब्द तिच्या घशात कित्येक वर्षांत आला नव्हता. त्याच्यामागे पाच टाक होते. अठ्ठावीस वर्षं तिची सकाळ त्यांच्याभोवती फिरली होती. पहाटेचं पाणी, चंदन, पाच फुलं, पाच बोटं. तो शब्द बाहेर पडला की देव्हारा रिकामा. आणि मग सकाळी उठून तिने करायचं काय? गाडी पुसायची?

"वहिनी, तुझ्या देवाची शप्पथ आहे," जयदेवचा आवाज चिरकला. "तू बोल आणि मी मान्य करतो. तू सुटला नाही म्हण, मी आत्ता दादाच्या पाया पडतो."

"मौन आहे तिचं!" धर्मराज ओरडले. "माझ्या बायकोचं व्रत मोडायला निघालास तू? आणि तिला काही म्हणायचं असतं तर... नाही म्हणाली का ती? नाही म्हणाली नाही!"

"आई, मान तरी हलव ना," शलाका कुजबुजली. तिने मोबाइल खाली घेतला होता. ती सकाळपासून बापाच्या बाजूने होती आणि आत्ता तिला बाजू बदलायची होती, पण कोणत्या बाजूला ते कळत नव्हतं.

तेव्हा राजसी उठली. तिने नवऱ्याचा दंड धरला.

"पुरे. ताईंचं व्रत आपल्यासाठी मोडायचं नाही."

"अगं, पण तूही इथेच बसली होतीस. तू पाहिलंस ना?"

"मी आकाशची आई आहे. माझं पाहिलेलं कोण धरणार?" राजसी म्हणाली. "देव राहू देत तिथे. अकरा वर्षं राहिलेत, आमचं काही अडलं नाही. चला."

तिने वेणूच्या हातावर हात ठेवला, तसाच दाबला आणि सोडला. वेणूला कळलं, हिनेही पाहिलंय. सुजितला ठाऊक, आकाशला ठाऊक, राजसीला ठाऊक, तिला स्वतःला ठाऊक. मौन एकटीचं होतं, त्या दिवशी पाळलं मात्र बऱ्याच जणांनी.

बदलापूर गावातल्या घरी संध्याकाळी पेढे आले. ढोल-ताशाही येणार होता, पण तो मैदानावरच्या हळदीत अडकला. धर्मराज ओसरीत बसून येणाऱ्या प्रत्येकाला शेवटचा डाव सांगत होते. प्रत्येक वेळी आकाश थोडा जास्त लांबून पळत येत होता आणि प्रत्येक वेळी जास्त स्वच्छ बाद होत होता.

वेणूने अंघोळ केली, वात वळली, समई लावली. पाच टाक नेहमीच्या जागी होते. बनूबाई म्हणायच्या तसे, बसल्यासारखे.

सुजित आत आला. त्याने विजेत्याचं पदक देवापुढे ठेवलं आणि शेजारी तो चेंडू ठेवला. मग वाकून नमस्कार केला आणि जरा जास्त वेळ वाकूनच राहिला.

वात लागलेली होती. सोमवारचं वेणूचं पहिलं वाक्य नेहमी शुभंकरोतीचं असे. आज ते तिने मागे ठेवलं.

"हा इथून उचल," ती चेंडूकडे बघत म्हणाली. तिचा आवाज मुळातच बारीक, दिवसभर न वापरल्याने अजून बारीक झाला होता. "पदक राहू दे. हा उचल."

सुजितने चेंडू उचलला.

"आई, अंपायरने आउट दिला."

"मी अंपायरचं विचारलं का?"

सुजितने चेंडू हातात फिरवला.

"लिंबू तूच धरून दाखवलं होतंस, ओट्यावर," वेणू म्हणाली. "मला तेवढंच कळतं या खेळातलं. घट्ट धरलेलं असलं तर आउट, सुटलं तर तो घरी आला."

"हात आपोआप गेला गं. मांडीखाली. विचार नव्हता केला. मूठ वर गेली अंपायरची आणि मग..." तो थांबला. "बाबा खुर्चीवर उभे होते. मला वाटलं, मी आत्ता बोललो तर देव जातील. तुझे."

ओसरीतून धर्मराजांचा आवाज आला, "काय चाललंय रे आत?"

"काही नाही," सुजित म्हणाला.

"काही नाही कसं," वेणू म्हणाली आणि बाहेर उंबरठ्यावर आली. "आकाश आउट नव्हता. चेंडू पडला होता. मी पाहिलं."

ओसरीतल्या दोघा-तिघांनी पेढे हातातच धरले. धर्मराजांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. मौन सुटल्याची वेळ त्यांनी एरवी कधी पाहिली नव्हती.

"हे तू तिकडे बोलली नाहीस."

"सोमवार होता."

"मग झालं तर! जे तिकडे झालं ते झालं. निकाल लागला, कागदावर सही झाली, कप आला. आता देव इथून कुठेही जाणार नाहीत. आणि तुझ्याचसाठी चाललंय हे सगळं. तुला काय ते देव नकोयत का?"

या प्रश्नाचं उत्तर लांबलचक होतं आणि त्यातलं एकही अक्षर पाहुण्यांसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

"बरं," वेणू म्हणाली.

"बघा, बरं म्हणाली," धर्मराज पाहुण्यांकडे वळले. "समजूतदार आहे. तर, आकाश असा लांबून पळत आला..."

वेणू आत गेली. चिंचेचा कोळ करून तिने एकेक टाक घासला. खंडोबा, भवानी, बाकीचे तिघं. कोपऱ्यांत अडकलेलं जुनं कुंकू काडीने काढलं. इतकी वर्षं ती हे भरभर उरकायची, आज उरकत नव्हतं. सुजित भिंतीला टेकून बघत होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "आई, देव काकांकडे न्यायचे का?"

वेणूने भवानीचा टाक पाण्यातून काढला, पदराने टिपला आणि इतरांच्या शेजारी ठेवला. काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना धर्मराज ओसरीच्या पायरीवर मिसरी लावत बसले होते. आतून वेणू आली. नऊवारी नेसलेली, केस ओले. डोक्यावर बनूबाईंच्या लाल खणात बांधलेलं लहानसं गाठोडं, एका हाताने धरलेलं. पाय अनवाणी.

"एवढ्या सकाळी कुठे?"

वेणू पायऱ्या उतरली.

"वेणू, मी काय विचारतोय?" मग त्यांची नजर खणावर गेली. ते ताडकन उठले, एक पाऊल तिच्यापुढे टाकलंही. पण त्या खणाचा रंग आईचा होता. देव डोक्यावर असलेल्या बाईला आडवं जायचं नाही, हे त्यांना चौथ्या वर्षी कान धरून शिकवलेलं होतं. पाऊल तसंच मागे आलं. तोंडातली मिसरी गिळली गेली.

"अगं, बोल तरी," ते म्हणाले. "आज मंगळवार आहे!"

फाटक आधीच उघडलेलं होतं. ते धरून सुजित उभा होता. वेणू त्याच्यासमोरून गेली तेव्हा त्याने मान खाली घातली, पण फाटक सोडलं नाही.

"आणि तू फाटक धरून उभा? मला नाही विचारायचं? घरात कुणाला काही विचारायची पद्धत आहे की नाही?"

"आईला विचारलं होतं मी काल," सुजित म्हणाला. "देव काकांकडे न्यायचे का म्हणून."

"मग?"

"नाही म्हणाली नाही."

वेणूला ते कोपऱ्यावर वळताना ऐकू आलं. अंबरनाथ अजून दोन-अडीच तासांच्या चालीवर होतं आणि सकाळची खडी पायांना बोचत होती. डोक्यावरचं ओझं मुळी काहीच नव्हतं, तळहातात मावणारे पाच देव, तरी मान ताठ धरावी लागत होती. तिला हसू आलं. हसण्याबद्दल सासूबाईंनी काहीच सांगून ठेवलं नव्हतं, म्हणून तिने ते ओठांतच ठेवलं आणि चालत राहिली.